सोळाशे मीटरसाठी सोळा किलोमीटर

पहाटे पाचच्या आधी वर्ध्यातून कुठल्याही दिशेला निघा. सेवाग्रामचा रस्ता असो, पवनारचा असो की देवळीचा, अंधारात पावलांचे आवाज येतात. मग ट्रकच्या उजेडात चार-सहा पोरांचा घोळका दिसतो. कुणाच्या पायात बाजारातले साधे बूट, कुणी अनवाणी, एकाच्या हातात मोबाईल आणि त्यावर चालू असलेलं घड्याळ. यातला कुणीही स्वतःला धावपटू म्हणवत नाही. गावात त्यांना 'भरतीचे पोट्टे' म्हणतात. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, समुद्रपूर, कुठेही गेलं तरी हेच दृश्य. जिल्ह्यात मॅरेथॉनच्या पदकासाठी धावणारे थोडे आणि खाकी वर्दीसाठी धावणारे पुष्कळ.

वर्दीचा हिशेब सरळ आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. सैन्याच्या अग्निवीर भरतीतही मोठा अडथळा १.६ किलोमीटरचाच. त्यामुळे सरावाची पद्धतही ठरून गेलेली आहे. रोज मैदानावर जायचं, चारशेच्या ट्रॅकवर चार राउंड जीव खाऊन मारायचे, टायमिंग बघायचं आणि गुडघ्यावर हात टेकून उभं राहायचं. 'आज किती आलं?' हा प्रश्न रोज विचारला जातो. पहिले दोन महिने वेळ भराभर उतरते. मग ती एका आकड्यावर अडकते, नडग्या ठणकू लागतात आणि पोरगं म्हणतं, आपला दमच कमी आहे. रोज परीक्षा द्यायची आणि अभ्यास कधीच करायचा नाही, असा हा प्रकार आहे.

अभ्यास म्हणजे काय, याचं उत्तर लांब पल्ल्याचे धावपटू साठेक वर्षांपासून देत आले आहेत. शर्यतीच्या कितीतरी महिने आधी, घड्याळाकडे न बघता, सावकाश आणि भरपूर धावायचं. आठवड्यातून एकदा तर सगळ्यात लांब. प्रशिक्षक त्या काळाला 'बेस' म्हणतात आणि आठवड्याच्या त्या लांब पल्ल्याला 'लाँग रन'. मॅरेथॉनवाल्यांना यात नवल वाटत नाही. नवल वाटतं ते सोळाशेवाल्याला: पाच-सहा मिनिटांच्या धावेसाठी दीड तास कशाला?

मॅट स्पेन्सर आणि पॉल गॅस्टिन या दोन संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रश्नाचं आकड्यांत उत्तर मिळतं. चांगल्या तयारीच्या धावपटूंना वेगवेगळ्या अंतरांच्या वेगाने पळवून त्यांनी मोजलं की लागणाऱ्या ऊर्जेपैकी किती वाटा श्वासातल्या ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेतून येतो. चारशे मीटरला तो निघाला ४३ टक्के, आठशेला ६६ टक्के आणि पंधराशेला ८४ टक्के. ते धावपटू पंधराशे मीटर चार मिनिटांच्या आसपास संपवणारे होते. भरतीचा उमेदवार सोळाशेला पाच-सहा मिनिटं घेतो, म्हणजे त्याच्या बाबतीत हा वाटा आणखी मोठा. ज्या धावेला आपण वेगाची परीक्षा समजतो ती बहुतांश दमाची परीक्षा असते, आणि दम वेगळ्या वाटेने वाढतो.

ही वाट दाखवणारा माणूस न्यूझीलंडचा. आर्थर लिडियार्ड ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करायचा. क्रीडाशास्त्राची पदवी वगैरे काही नव्हतं. स्वतःला गिनिपिग करून त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले: आठवड्याला किती धावलं तर शरीर मोडतं, किती धावलं तर फुलतं. अखेर तो आठवड्याला १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर या आकड्यावर स्थिरावला. त्यातला रविवारचा पल्ला २२ मैलांचा, ऑकलंडच्या पश्चिमेकडच्या वायटाकेरे डोंगरांतून वळसा घालणारा. त्याच्या हाताखालच्या सगळ्यांना तो धावावा लागे, मग शर्यत आठशे मीटरची असो की मॅरेथॉन.

२ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये तासाभराच्या आत त्याच्या दोन शिष्यांनी दोन सुवर्णपदकं घेतली. पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये, मरे हॅलबर्गने ५००० मीटरमध्ये. आठवडाभराने बॅरी मॅगीने मॅरेथॉनचं कांस्य जिंकलं. आठशे मीटरपासून बेचाळीस किलोमीटरपर्यंतची पदकं एकाच माणसाच्या एकाच पद्धतीतून आली, हे तेव्हाच्या प्रशिक्षकांना पचायला जड गेलं. त्या काळात आठशेवाल्यांना ट्रॅकवर चारशे-चारशेचे तुकडे जोरात पळवण्याची रीत होती.

स्नेलची पुढची गोष्ट वर्ध्याच्या सोळाशेवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. डिसेंबर १९६१ मध्ये तो एक पूर्ण मॅरेथॉन धावला, पावणेतीन तासांच्या आत. त्यानंतर दोन महिने उलटायच्या आत, २७ जानेवारी १९६२ला, त्याने वांगानुई गावात एका मैलाचा जागतिक विक्रम मोडला: ३ मिनिटं ५४.४ सेकंद. आणखी आठवड्याने क्राइस्टचर्चला ८०० मीटरचा, १ मिनिट ४४.३ सेकंद. दोन्ही ट्रॅक गवताचे होते. तालुक्याच्या ठिकाणी सिंथेटिक ट्रॅक नाही म्हणून निकाल येत नाहीत, हे कारण सांगणाऱ्यांना हा तपशील अडचणीचा ठरेल.

शरीरात नेमकं काय घडतं, ते समजायला फार पुस्तकं लागत नाहीत. सावकाश, दीर्घकाळ धावल्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. स्नायूंच्या पेशींमध्ये ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या आणि ताकद वाढते. या शेवटच्या गोष्टीचा पहिला ठोस पुरावा उंदरांनी दिला. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन हॉलोझी यांनी उंदरांना बारा आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि हळूहळू वाढवत रोज दोन तासांपर्यंत नेलं. १९६७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पळणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत श्वसनाशी निगडित विकरांची क्षमता बसून राहिलेल्या उंदरांच्या जवळजवळ दुप्पट झाली होती. लिडियार्ड जे वायटाकेरेच्या चढांवर पायांनी शोधत होता, ते काही वर्षांत प्रयोगशाळेत सापडलं.

इंधनाचा भागही आहे. माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. जोरात धावलं की ती भराभर जळते. चरबीचा साठा मात्र अगदी सडपातळ पोराकडेही कित्येक मॅरेथॉन पुरेल इतका असतो. दीड-दोन तासांची संथ धाव शरीराला हा दुसरा साठा वापरायची सवय लावते.

आणि हाडं. हा मुद्दा भरतीच्या सरावात सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडं, स्नायुबंध आणि टाचेमागची शीर यांना महिने लागतात. छाती तयार झाली म्हणून पोरगं जोर लावतं आणि नडगीचं हाड मागे राहतं. रोज डांबरावर जिवाच्या आकांताने चार राउंड मारणाऱ्यांच्या नडग्या का दुखतात, याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं. लाँग रनचा वेग कमी ठेवायचा तो यासाठीही.

पण वेग कमी म्हणजे किती कमी? साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर काढणारा मुलगा किलोमीटरला साधारण ३ मिनिटं २६ सेकंदांनी धावतो. त्याचा लाँग रन किलोमीटरला साडेपाच ते साडेसहा मिनिटांचा असायला हरकत नाही. ऐकायला हे अपमानास्पद वाटतं. मागून सायकलवरचा दूधवाला पुढे जातो, फिरायला निघालेले काका 'दमला का रे?' विचारतात. जगभर चालणारी कसोटी सोपी आहे: धावताना पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. शेजारच्याशी ग्रामपंचायतीच्या राजकारणावर वाद घालता येत असेल तर वेग बरोबर आहे. नुसतं 'हो', 'नाही' निघत असेल तर हळू व्हा. घड्याळापेक्षा ही कसोटी भरवशाची, कारण ऊन, झोप, आदल्या दिवसाची शेतातली मेहनत हे सगळं तिच्यात आपोआप धरलं जातं.

अंतरावर मात्र जाणकारांचं एकमत नाही. लिडियार्डचे २२ मैल सर्वांना सारखे होते. अमेरिकी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी त्याला लगाम घातला: लाँग रन आठवड्याच्या एकूण अंतराच्या पंचवीस-तीस टक्क्यांच्या आत असावा आणि अडीच तासांपलीकडे जाऊ नये. केनियाचा एलियुड किपचोगे कॅप्टागाटच्या तळावर एका आठवड्याला ३० आणि पुढच्या आठवड्याला ४० किलोमीटर धावत आला. पण त्याच्या मागे वर्षानुवर्षांचा पाया होता. डॅनियल्सचा हिशेब भरतीच्या पोराला जास्त सोसणारा आहे. आठवड्याला ३० किलोमीटर होत असतील तर लांब पल्ला आठचा. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं वाढवत, मधला एखादा आठवडा हलका ठेवत, पाच-सहा महिन्यांत आठवडा साठवर गेला की पल्ला सोळावर जातो. सोळाशे मीटरसाठी सोळा किलोमीटर, दहा पट. गणित लक्षात ठेवायला सोपं आहे, गाठायला घाई नको.

महाराष्ट्राला हे सगळं बाहेरून शिकायची गरज नव्हती, असं म्हणावंसं वाटतं, पण ते अर्धंच खरं. भारताचा ऑलिंपिकमधला पहिला संघ उभा राहण्याची सुरुवातच मुळी पुण्यात, लांब पल्ल्याच्या धावण्यातून झाली. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत खेड्यांतून आलेले शेतकरी तरुण अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले. या धावपटूंच्या वेळा युरोपातल्या खेळाडूंच्या जवळपास जातात हे त्यांच्या लक्षात आलं आणि पुढच्या वर्षी अँटवर्पला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. अँटवर्पचा मार्ग नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर लांब होता. त्यांच्याबरोबर सदाशिव दातारही त्या शर्यतीत उतरले होते. पायी चालण्याचा, शेतातल्या कष्टाचा पाया या माणसांकडे जन्मजात होता. त्यावर महिनोन् महिने रचलेली शिस्तशीर तयारी मात्र पुढची कित्येक दशकं आपल्याकडे रुजली नाही.

ती रुजल्यावर काय होतं, हे साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरने दाखवलं. दुष्काळी मुलुखातली ही मुलगी आधी लांब पल्ल्याची धावपटू होती. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई मॅरेथॉन तिने २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत पूर्ण केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ती ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये आठवी आली. बेचाळीस किलोमीटरवरून तीन किलोमीटरवर, तेही अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यासह. २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. स्नेल मॅरेथॉनवरून मैलावर आला, ललिता स्टीपलचेसवर. दोघांच्या मध्ये अर्धं शतक आणि अर्धी पृथ्वी आहे.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडवा गावचा अविनाश साबळे त्याच वाटेवरचा. घरापासून शाळा सहा-सात किलोमीटर. चालत किंवा धावत जायचं. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचेनपासून राजस्थानपर्यंत नेमणुका झाल्या आणि धावणं सुरू झालं ते सैन्यातल्या क्रॉस कंट्रीपासून. स्टीपलचेस नंतर आली. २०२० मध्ये दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत जाणारा तो पहिला भारतीय. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. वर्दीसाठी घराबाहेर पडलेल्या पोराचं हे उदाहरण आहे, म्हणून भरतीच्या मैदानांवर त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा विक्रम माहीत असतो, त्याची अर्धमॅरेथॉन मात्र फारशी कुणाला आठवत नाही.

वर्धा जिल्ह्याकडे परत येताना पवनारला थांबावं लागतं. धावपटू नसलेल्या एका माणसाने तिथे धाम नदीकाठी पाया बांधण्याचा धडा घालून दिला होता. १९३८ मध्ये विनोबा भावे पवनारला आले तेव्हा तब्येत खंगलेली, वजन अवघं ८८ पौंड. त्यांनी औषध म्हणून कुदळ धरली. पहिल्या दिवशी काही मिनिटंच खणायचं, मग रोज थोडं वाढवायचं. काही महिन्यांत वजन भरलं, अंगात बळ आलं. तेच विनोबा १९५१च्या मार्चमध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला इथून पायी निघाले. सुमारे तीनशे मैल, महिनाभरात. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला पवनारहून दिल्लीला पुन्हा पायीच. पुढे तेरा वर्षं देशभर, उजाडायच्या आत निघून, रोज साधारण दहा-बारा मैल. १९६४च्या एप्रिलमध्ये ते पवनारला परतले. भूदानाचं यशापयश हा वेगळा विषय. इथे मुद्दा एवढाच की पन्नाशी ओलांडलेला, पोटाच्या दुखण्याने पिडलेला माणूस रोज तेवढं अंतर कापू शकला, त्याच्यामागे आधीची संथ वाढ होती. चालणं म्हणजे धावणं नव्हे, हे मान्य. पण बेस ट्रेनिंगचे पहिले आठवडे नवख्याने निम्मं चालतच काढावेत, असं आजचे प्रशिक्षकही सांगतात.

पायवाटांचं म्हणाल तर हा जिल्हा लाँग रनसाठी वाईट नाही. वर्धा–सेवाग्राम–पवनार असा त्रिकोण धरला तर पल्ला साधारण विसाच्या आसपास जातो. दक्षिणेला हिंगणघाट–समुद्रपूरकडे सपाट काळी, उत्तरेला आर्वी, आष्टी, कारंज्याकडे सातपुड्याच्या फाट्यांचे चढ-उतार. वर्धा शहरालगत हिंदी विश्वविद्यालयाच्या परिसरातल्या टेकड्या आहेत, त्यामुळे चढांच्या सरावासाठी लांब जावं लागत नाही. शेतांमधल्या पांदणी डांबरापेक्षा नडग्यांना मऊ. पण काळ्या मातीचे दोनच स्वभाव: पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळून घोटा मुरगळायला बसते. त्यामुळे जून ते सप्टेंबर नाइलाजाने डांबर, किंवा मुरमाची कडा. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूच्या गावांत अंधारात एकट्याने धावू नये हे सांगायला लागत नाही. रानडुकरांचं भय तर त्याच्या बाहेरही आहे. समृद्धी महामार्ग गुळगुळीत असला तरी तिथे पायी माणसाला जागा नाही, आणि नसावीच.

मुलींसाठी या सगळ्यावर आणखी एक अट येते. लाँग रनची सोयीची वेळ अंधारातली, आणि अंधारात दीड तास गावाबाहेर एकटीने धावायला घरून परवानगी मिळत नाही. मुलगी मग मैदानाच्या कुंपणाआत राउंड मारते. चारशेच्या ट्रॅकवर बारा किलोमीटर म्हणजे तीस राउंड, एकाच दिशेने वळत, एकाच पायावर जादा भार घेत. दर काही राउंडांनी दिशा बदलणं हा साधा उपाय आहे. भाऊ किंवा वडील मोटारसायकल घेऊन मागे येणं हा दुसरा, आणि चार-पाच जणींनी गट करून निघणं हा सगळ्यात टिकाऊ. आठशे मीटरला ६६ टक्के दमच लागतो, हे त्यांच्याही कामाचं गणित आहे.

वर्ध्यात धावण्याचं खरं वेळापत्रक मात्र सूर्य लिहितो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५च्या पलीकडे जाणं इथे बातमी नसते. २५ मेपासूनचे नवतपाचे नऊ दिवस तर घराबाहेर पडणंच नको होतं. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि सातला चटका सुरू होतो. दीड तासाचा पल्ला तेव्हा चारलाच सुरू करावा लागतो. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात: रक्तातला द्रवाचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं. तोवर वेग आणि अंतर दोन्ही उतरवणं भाग आहे. तासाला लिटरभर घाम सहज जातो. नुसतं पाणी ढोसून तो भरून निघत नाही, उलट फार पाणी आणि मीठ अजिबात नाही अशा स्थितीत रक्तातलं सोडियम घसरून जिवावर बेतू शकतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, ताक, ज्वारीची आंबील हे घरातलेच उपाय पुरतात. परतल्यावर खायचं काय, याला वर्ध्यात उत्तर तर्री-पोहे असतं. गोरसपाकावर हात मारायचा असेल तर लाँग रननंतरची वेळ त्यातल्या त्यात निर्दोष.

उष्म्याचा आणि अपुऱ्या पायाचा प्रश्न थट्टेचा नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले आणि त्यांचे मृत्यू झाले. त्यानंतर धावण्याच्या अंतराचा आणि वेळांचा फेरविचार झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत पुरुषांना तासाभरात दहा किलोमीटर धावायचे होते. त्या भरतीत दहाहून अधिक तरुण दगावले. तासात दहा किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, हा सहा महिने पाया घातलेल्या तरुणासाठी गप्पा मारत धावायचा वेग आहे. तयारी नसलेल्यासाठी, दमट उकाड्यात, रात्रभर रांगेत जागून, तो जीवघेणा ठरू शकतो. भरतीचं अंतर कमी करून हा धोका कमी होतो, संपत नाही. सोळाशे मीटरवरही अर्धवट तयारीचं हृदय कमाल जोरातच चालतं.

मग पाया कधी घालायचा? इथे भरतीचं सरकारी वेळापत्रक आडवं येतं. मुंबई मॅरेथॉन धावणाऱ्याला माहीत असतं की शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी आहे. तो तिथून उलटं मोजतो, ऑगस्टमध्ये सुरुवात करतो, पावसाळ्यातले आणि दिवाळीपर्यंतचे महिने संथ पल्ल्यांना देतो. लिडियार्डचा आराखडाही असाच उलट मोजलेला असे. शेवटी काही आठवडे वेगाचे, त्याआधी चार आठवडे चढांचे, आणि त्याआधी जितके मिळतील तितके सगळे पायाचे. भरतीच्या पोराला तारीखच माहीत नसते. जाहिरात निघेपर्यंत तो वाट बघतो, निघाली की अकॅडमी लावतो आणि पहिल्या दिवसापासून टायमिंग काढू लागतो.

२०२४च्या भरतीचे अर्ज ५ मार्चला सुरू झाले आणि राज्यभर मैदानी चाचणी १९ जूनला. वर्ध्याच्या मुलांना मधले साडेतीन महिने मिळाले ते नेमके मार्च-एप्रिल-मेचे, म्हणजे लांब धावायला जिल्ह्यातले सगळ्यात वाईट. त्याआधीचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले होते: सकाळी गारवा, पांदणी वाळलेल्या, सातपर्यंत ऊन नाही. त्या चार महिन्यांत आठाचे सोळा किलोमीटर करून ठेवलेल्या मुलाला उन्हाळ्यात पहाटे तासाभराची एखादी धाव, हिंदी विश्वविद्यालयाच्या बाजूला चार आठवडे चढ आणि शेवटच्या महिन्यात आठवड्यातून दोनदा वेगाचं काम एवढं पुरलं असतं. मैदानावर गर्दी उसळते ती अर्ज भरून झाल्यावर. पुढची जाहिरात कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही, पण वर्ध्यात नोव्हेंबर दर वर्षी येतो.